पाळी चुकली की ओव्हरीलाच धरू नका, या चुका टाळा

माझ्या मावसबहिणीची पाळी 4 महिने बंद, घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की पीसीओडीच असणार, सोनोग्राफी केली तर ओव्हरी ठणठणीत, तरी पपई अन् गूळ-तीळ चालूच. बाईसाहेब लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून एकवेळ जेवत होत्या आणि पहाटे 10 किलोमीटर पळत होत्या, हे कोणी विचारलंच नाही.

पहिली चूक हीच. ओव्हरीला ऑर्डर वरून येते हो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यावर खालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही हार्मोन्स रक्तात सोडते, मग कुठे अंडं वाढतं आणि इस्ट्रोजेन बनतं. बरं, हे जीएनआरएच नळासारखं सलग वाहत नाही, थांबून थांबून सुटतं, पाळीनंतरच्या दिवसांत साधारण 60 ते 90 मिनिटांनी एकदा. 1978 मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल यांच्या टीमने माकडिणींवर हे दाखवून दिलं, तासातासाने जीएनआरएचचा डोस दिला तर पिट्युटरी काम करते, तोच सलग देत राहिलं तर गप्प बसते. पोटाला कमी, व्यायाम जास्त, वर टेन्शन, असं झालं की मेंदू जीएनआरएचचे हे ठोकेच कमी करतो.

दुसरी चूक, मेडिकलमधून पाळी आणायची गोळी आणून मोकळं होणं. ब्लीडिंग झालं तरी वरची ऑर्डर सुरू झाली असं नाही. आणि आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, लाजू नका.

तिसरी गोष्ट कोणाच्या डोक्यातच येत नाही, ॲसिडिटीची गोळी! नावाच्या शेवटी डी असलेल्या बऱ्याच गोळ्यांत डॉमपेरिडोन हे औषध असतं, त्याने प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढतं आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन जीएनआरएच दाबतं. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असंच होतं, पण ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पाकिटंच दाखवा. थायरॉइड कमी असेल तरी प्रोलॅक्टिन वाढू शकतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी सोबत करतात.

पाळी येत असेल तर एफएसएच, एलएचची तपासणी शक्यतो पाळीच्या 2ऱ्या-3ऱ्या दिवशी करतात, भलत्याच दिवशी केलं की रिपोर्ट बघून उगाच घाबरायला होतं.

बाळ नसताना छातीतून दूध येतंय, डोकं सारखं दुखतंय, बाजूचं नीट दिसत नाही, असं असेल तर थांबू नका, पिट्युटरीचा एमआरआय लागू शकतो.

बहिणीला डॉक्टरांनी दोन वेळ पोटभर जेवायला आणि पळणं कमी करायला सांगितलं, 5 महिन्यांनी पाळी आली, लग्नाचा ब्लाउज मात्र उसवून सैल करावा लागला.