बॉम्बर वैमानिकाची पदकं: त्यामागच्या रात्री कशा शोधायच्या

पदकांचा संच हातात आला की मी आधी प्रत्येक पदक उलटं करते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागाच्या) वैमानिकांचा माग काढताना पहिला प्रश्न नावाचा असतो, आणि ब्रिटनने आपल्या लोकांना दिलेल्या मोहिमांच्या स्टारवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर, नाव कोरलेलंच नसतं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने मात्र नावं घातली. शौर्यपदकांचंही वेगवेगळं आहे. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल हे अधिकारी नसलेल्यांचं पदक. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव असं सगळं असतं. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस अधिकारी आणि वॉरंट ऑफिसरांचा. त्याच्या मागच्या खालच्या बाहूवर फक्त वर्ष असतं. म्हणून पदकं ज्या पुठ्ठ्याच्या डबीतून पोस्टाने आली ती डबी, तिच्यावरचा पत्ता, आतली चिठ्ठी यांतलं काहीही टाकू नका. एका संचात मला नाव सापडलं ते डबीच्या झाकणावरच.

त्याच संचावरून पुढचं सांगते. त्यात १९४४ कोरलेला क्रॉस होता, १९३९-४५ स्टार होता आणि ‘फ्रान्स अँड जर्मनी’ अशी पट्टी लावलेला एअर क्रू युरोप स्टार होता. एअर क्रू युरोप स्टार ब्रिटनमधल्या तळांवरून युरोपवर केलेल्या लढाऊ उड्डाणांसाठी आहे, पण फक्त ५ जून १९४४ पर्यंतच्या. ६ जूनपासून फ्रान्स अँड जर्मनी स्टार सुरू होतो. दोन्ही स्टार एकाच माणसाला मिळत नाहीत. दुसऱ्याचा हक्क असेल तर पहिल्याच्या फितीवर पट्टी लागते. म्हणजे हा वैमानिक ६ जूनला मित्रराष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलं त्याच्या आधीपासून उडत होता आणि नंतरही उडत राहिला, एवढं कागद न उघडता कळलं. एक सावधगिरी मात्र हवी. एअर क्रू युरोप स्टार दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे त्याच्या नकला भरपूर आहेत. उलट बाजूही लक्षात ठेवा: युद्धानंतर ही पदकं अर्ज करून मागवावी लागत आणि अनेकांनी ती कधी मागवलीच नाहीत. संचात एखादा स्टार नाही म्हणून ती सेवा झाली नाही असं समजू नका. बॉम्बर कमांडची पट्टी तर २०१३ मध्ये आली, तोवर बहुतेक जण हयातच नव्हते.

नाव मिळालं की सेवा क्रमांक शोधा. इथे बरेच जण अडतात, कारण सार्जंट म्हणून भरती झालेल्या वैमानिकाला पुढे कमिशन (अधिकारीपद) मिळालं की क्रमांक बदलतो. एकाच माणसाचे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही लागतात. कमिशनची तारीख ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटनच्या सरकारी राजपत्रात छापलेली असते. नेमणुका आणि शौर्यपदकंही तिथेच, आणि शोध फुकट आहे. अधिकाऱ्यांच्या छापील याद्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवल्या आहेत.

आता खरं काम. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथल्या ए-आय-आर २७ या मालिकेत प्रत्येक स्क्वाड्रनच्या (विमानांच्या तुकडीच्या) कामकाजाच्या नोंदवह्या आहेत, आणि त्या घरबसल्या उतरवून घेता येतात. प्रत्येक महिन्याचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे स्क्वाड्रनची रोजनिशी: हवामान, बदल्या, कोण परतलं नाही. फॉर्म ५४१ म्हणजे एकेका विमानाचा हिशेब: विमानाचा क्रमांक, चमूतल्या सगळ्यांची (सहसा सात जणांची) नावं, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ, लक्ष्य, आणि वैमानिकाने परतल्यावर सांगितलेल्या दोन-चार ओळी. लोक ५४० वाचून थांबतात. तुम्ही ५४१ वाचा, आणि वाचताना वैमानिकाच्या एकट्याच्या नावावर नजर ठेवू नका, सातही नावं उतरवून घ्या.

हे मी कळकळीने सांगते, कारण माझं निम्मं काम या बाकीच्या सहा जणांमुळे झालं आहे. प्रशिक्षणाच्या तळावर वैमानिक, नेव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर, गनर यांना मोठ्या हँगरमध्ये एकत्र सोडत आणि आपापसांत चमू जमवायला सांगत. फ्लाइट इंजिनिअर पुढे, चार इंजिनांच्या विमानांचं शिक्षण घेताना येई. इथून जमलेला चमू सहसा एकत्रच राही. म्हणून टंकलेखकाने वैमानिकाचं आडनाव चुकीचं लिहिलं तरी नेव्हिगेटर आणि रिअर गनर ओळखीचे निघाले की तीच नोंद आपली. वैमानिकाचं लॉगबुक (उड्डाणांची वैयक्तिक नोंदवही) हरवलं असेल, पण वायरलेस ऑपरेटरचं कुणाच्या तरी घरी असू शकतं, आणि त्यात उड्डाणं जवळजवळ तीच असतात. आपला वैमानिक अनोळखी चमूबरोबर दुसरा वैमानिक म्हणून दिसला तर गोंधळू नका. नव्या वैमानिकाला आधी अनुभवी चमूबरोबर पाठवायची पद्धत होती.

लॉगबुक मिळालंच तर शाई बघा: रात्रीच्या मोहिमा लाल, दिवसाच्या हिरव्या. ‘गार्डनिंग’ म्हणजे समुद्रात सुरुंग पेरणं. त्यातल्या फळाफुलांच्या नावांमागे समुद्राचे भाग असतात. ‘नेक्टरीन्स’ म्हणजे फ्रिशियन बेटं, ‘सिल्व्हरथॉर्न’ म्हणजे कॅटेगॅट. ‘निकल’ म्हणजे पत्रकं टाकणं. डीसीओ म्हणजे काम पार पडलं, डीएनसीओ म्हणजे पडलं नाही. पहिली टूर, म्हणजे लढाऊ सेवेची एक पाळी, साधारण ३० मोहिमांची, त्यामुळे आकडा तिथवर आला की बदली शोधा. तारखा मात्र जपून लिहा. रात्रीची मोहीम दोन तारखांवर पसरते. न्यूरेंबर्गची ती भीषण रात्र, जिच्यात ९५ विमानं गमावली, ३०-३१ मार्च १९४४ अशीच लिहायची, नाहीतर दोन कागद जुळतच नाहीत.

क्रॉस कशासाठी मिळाला हे गॅझेटमध्ये दरवेळी सापडत नाही. कित्येकदा नुसती नावांची यादी असते. शिफारस ए-आय-आर २ मध्ये शोधा. टूर संपताना केलेल्या शिफारशीला बऱ्याचदा मोहिमांची तारीखवार यादी जोडलेली असते, आणि ती हाती लागली तर सोनंच. मृत्यूनंतर क्रॉस देण्याची तेव्हा सोय नव्हती. म्हणून वैमानिक गेल्यावर जाहीर झालेल्या क्रॉसला मृत्यूच्या आधीची तारीख लावलेली दिसते. तिला छपाईची चूक समजू नका.

वैमानिक परतला नसेल तर लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची मृतांची सूची आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, दोन्ही बघा. कबर सापडली नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावं रनीमीडच्या स्मारकावर आहेत. जीवितहानीच्या फायली ए-आय-आर ८१ मध्ये आहेत. युद्धकैदी झाला असेल तर सुटकेनंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या डब्ल्यू-ओ ३४४ मध्ये मिळतात. चमूत ऑस्ट्रेलियन असेल तर आधी त्याचीच फाइल काढा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा कितीतरी फायली पूर्ण वाचायला खुल्या आहेत आणि एका अपघाताच्या फायलीत सातही जणांची हकिगत येते.

लक्ष्यावर बॉम्ब सुटताना विमानातला कॅमेरा फोटो घेई. असा फोटो घरात असेल तर त्याच्या खालची बारीक ओळ भिंगाने वाचा: तारीख, उंची, दिशा, वेळ, ठिकाण, वैमानिकाचं नाव, स्क्वाड्रन. मग त्या रात्री त्या शहरात काय झालं तेही त्या शहराच्या नोंदींतून वाचाच. त्याशिवाय मोहिमेची नोंद अर्धीच राहते.

शेवटी सगळ्या तारखा एका तक्त्यात मांडा आणि रिकाम्या जागांकडे बघा. काही आठवडे नोंदच नसेल तर सुट्टी, आजारपण किंवा नव्या विमानावरचं शिक्षण यांपैकी काहीतरी असतं. तळाच्या नोंदी ए-आय-आर २८ मध्ये आणि प्रशिक्षण तुकड्यांच्या २९ मध्ये आहेत. विमानाच्या अपघाताची शंका असेल तर लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमकडे फॉर्म ११८० ची अपघात-कार्डं आहेत. त्यांना विमानाचा क्रमांक आणि तारीख कळवा.