बर्फात निघण्याआधी घामाची सोय

उत्तराखंडातल्या केदारकंठ्यासारख्या हिवाळी ट्रेकला निघायचं ठरलं की आपल्याकडची तयारी जॅकेटापासून सुरू होते. जळगाव-धुळ्याची मुलं आधी सगळ्यात जाडजूड जॅकेट शोधतात आणि बाकीचे कपडे घरात असतील ते कोंबतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की यादी उलट्या टोकाने, अंगाला चिकटणाऱ्या कपड्यापासून सुरू करा. खानदेशातली थंडी कोरडी. धुळ्यात पारा 6 अंशांवर उतरतो तेव्हा आपण बहुतेक पांघरुणात असतो, आणि दहाचं ऊन चढलं की स्वेटर निघतो. थंडीत घामाघूम व्हायची वेळ फारशी येत नाही. केदारकंठ्याच्या साडेबारा हजार फुटांच्या माथ्याकडे चढताना नेमकं तेच होतं. बाहेर हवा शून्याखाली, पाठीवर भरलेली सॅक आणि आत बनियन भिजलेलं. चालताना काही जाणवत नाही. दहा मिनिटं थांबलात की हुडहुडी भरते.

म्हणून पिशवीत काही भरण्याआधी सुती बनियन, सुती मोजे, टी-शर्ट आणि जीन्स बाहेर काढा. कापसाच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण कापूस ओलावा धरतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस निगमच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजूनच भाव ठरतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 च्या पुढे माल परत. साध्या हवेतूनच सुती धागा 7-8 टक्के ओलावा ओढतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मे महिन्यात कापसाचा हा गुण अंग गार ठेवतो. बर्फात तो जिवावर बेतू शकतो, कारण स्थिर हवेपेक्षा पाणी साधारण 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं.

त्याऐवजी आतल्या थरासाठी पॉलिएस्टरच्या थर्मलचे, म्हणजे अंगाला चिकटून बसणाऱ्या उबदार कपड्यांचे, दोन जोड घ्या. एक चालण्याचा, एक फक्त झोपण्याचा, आणि झोपण्याचा जोड चालताना कधीही घालायचा नाही. परवडत असेल तर मोजे तरी लोकरीचे घ्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. धनगर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे हिंडतात, त्यात हाही गुण कामी येतो. मोज्यांवर मोजे चढवून घट्ट बुटात पाय कोंबू नका. बोटं आवळली की रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात.

मधला थर उबेचा. ऊब कापडात नसते, कापडाने अडवून धरलेल्या हवेत असते. नवी फुगीर गोधडी आणि वर्षानुवर्षं दबून चपटी झालेली गोधडी यांत जो फरक, तोच इथे. चालताना पातळ फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड, पुरतं. पिसांचं, म्हणजे डाऊन जॅकेट थांब्यावर आणि कॅम्पवर घालायचं. त्यावर लिहिलेला 600 किंवा 800 हा आकडा म्हणजे एक औंस पिसं फुगून किती घन इंच जागा भरतात त्याचं माप. पिसं भिजली की चोळामोळा होऊन ऊब संपते. कृत्रिम भरणाचं जॅकेट ओलं झालं तरी थोडी ऊब राखतं. पहिल्याच ट्रेकसाठी महागडं डाऊन विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घेताना हाताने दाबून पाहा, सोडल्यावर पुन्हा फुगायला हवं.

आता बाहेरचा थर; सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टॅगवरचं 10,000 मिमी म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब आत झिरपत नाही. कोरड्या बर्फाला एवढा आकडा लागत नाही. ओल्या बर्फात गुडघे टेकता, बसता, सॅकचे पट्टे खांद्यावर रुततात, तिथे दाब वाढतो आणि तिथेच तो आकडा कामाला येतो. जॅकेट उलटं करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा. ती नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येतं.

पाणी अडवणं तर बाजारातला प्लॅस्टिकचा रेनकोटही करतो. पण रात्री हरभऱ्याला पाणी भरायला गमबूट घालून गेलेल्याला विचारा: थेंबही आत गेला नाही तरी मोजे ओले. तो ओलावा पायाच्या घामाचा. 1969 मध्ये बॉब गोर यांनी ताणलेलं टेफ्लॉन शोधलं आणि पुढे त्याचा पडदा याच अडचणीवर कामी आला. त्याची छिद्रं थेंबापेक्षा फार लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा मोठी, त्यामुळे वाफ बाहेर जाते आणि पाणी बाहेरच राहतं. 24 तासांत एका चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ निघते, तो टॅगवरचा दुसरा आकडा. कंपन्यांच्या चाचण्या वेगवेगळ्या असतात, म्हणून दोन कंपन्यांचे हे आकडे एकमेकांशी ताडू नका. आकड्यापेक्षा काखेखाली चेन आहे का ते बघा. खड्या चढात कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त वाफ ती बाहेर टाकते.

जॅकेट जुनं असेल तर मगभर पाणी ओता. थेंब मोत्यांसारखे ओघळले तर ठीक. कापड गडद होऊन भिजलं तर पाणी झटकणारा वरचा लेप गेलाय. तेव्हा पाणी आत येत नसतं, वाफ बाहेर जाईनाशी होते, आणि आपल्याच घामाने भिजून आपण म्हणतो जॅकेट गळतंय. फॅब्रिक कंडिशनर न घालता धुवा, टॅगवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवा. तरीही थेंब ओघळले नाहीत तर लेपाचा स्प्रे मिळतो.

निघण्याआधी एक दिवस तोरणमाळला द्या. पहाटे भरलेली सॅक घेऊन चढा, माथ्यावर वारा असेल तिथे पंधरा मिनिटं थांबा, मग पाठीला हात लावून बघा. ओली लागली तर एक थर जास्त झाला. चढायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजली पाहिजे. वाऱ्याची परीक्षा जाता-येता बाईकवर होतेच: नुसत्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, वर पातळ विंडचिटर चढवलं की तोच स्वेटर ऊब देतो.

सॅकच्या आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी अंथरून झोपण्याचा जोड, मोजे आणि हातमोजे तिच्यात बांधा. कॅम्पवर पोहोचल्यावर चहाआधी आतला थर बदला. ओले मोजे पिळून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी ठेवा. शेकोटीवर कपडे वाळवायची आपली सवय मात्र तिथे सोडा, एक ठिणगी उडाली की नायलॉनला भोक पडतं आणि पिसं उडू लागतात. चिकटपट्टीचा एक तुकडा सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या.