गाडीच्या बॅटरीला घडीचं सोलर पॅनेल जोडताय? या चुका टाळा

तारकर्लीत तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि वासावरूनच कळलं, सुरमई गेली. बारा व्होल्टच्या फ्रिजने रात्रीच केव्हातरी मान टाकली होती. गंमत म्हणजे आदल्या दिवशी ऊन रणरणत होतं, १०० वॅटचं घडीचं पॅनेल सकाळपासून वाळूत उभं होतं आणि त्याच्या पाठीवरच्या चार्ज कंट्रोलरवर (पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारी डबी) ‘१४.४’ हा आकडा दिमाखात झळकत होता. फ्रिज चालवणारी मागची बॅटरी भरली असं समजून आम्ही निवांत समुद्रात.

ऊन वर आल्यावर मल्टिमीटर काढला. कंट्रोलरच्या तोंडाशी १४.४ व्होल्ट. पाच मीटरवर, बॅटरीच्या टर्मिनलला, १३.५. मधले ०.९ व्होल्ट वायरने खाल्ले होते. पॅनेलसोबत आलेली वायर १ स्क्वेअर एमएमची होती. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याचा रेझिस्टन्स साधारण ०.१८ ओहम, त्यातून ५ अँपिअर धावले की तेवढे व्होल्ट गेलेच म्हणायचे.

कंट्रोलर बिचारा स्वतःच्या तोंडाशी काय आहे तेवढंच बघतो. बॅटरी १४.४ ला पोचली असं धरून तो करंट आखडता घेतो आणि ठरलेला वेळ झाला की फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरायच्या कमी व्होल्टेजवर, जातो. बॅटरी अर्धपोटीच राहते. म्हणून कंट्रोलर पॅनेलच्या पाठीवरून उतरवा आणि बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवा. लांब वायर पॅनेल ते कंट्रोलर असू द्या. तिकडे १८ व्होल्ट असतात, त्यातला एखादा रस्त्यात सांडला तरी चालतं. कंट्रोलर ते बॅटरी मात्र आखूड आणि जाड, ४ स्क्वेअरची. ‘पॅनेल कमी वॅटचं पाठवलं’ म्हणून जी ओरड असते, त्यातली बरीचशी माझ्या पाहण्यात या वायरीची निघाली आहे.

‘१८ व्होल्ट आउटपुट’ म्हणजे चार्जर नव्हे

पॉवर स्टेशनसाठी (उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा) विकल्या जाणाऱ्या घडीच्या पॅनेलमागे ‘डीसी १८ व्होल्ट’ लिहिलेलं असतं. ते वाचून वायर कापायची, टोकाला चिमटे लावायचे आणि थेट बॅटरीवर अडकवायचे, हा उद्योग करणारे बरेच आहेत. पॉवर स्टेशनच्या पोटात स्वतःचा कंट्रोलर असतो. गाडीच्या बॅटरीच्या पोटात नसतो. अशा मोकळ्या पॅनेलचा व्होल्टेज उन्हात २१-२२ पर्यंत जातो. सुरुवातीला बॅटरी तो खाली ओढते, त्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटतं. बॅटरी भरली की व्होल्टेज १५ च्या वर सरकतो, ॲसिडमधलं पाणी उडू लागतं आणि बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास आला तर जवळ काडी ओढू नका आणि ठिणगी पडेल असं काही करू नका. पॅनेलवर जाड गोधडी टाका, मग चिमटे काढा.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. १२ आणि २४ व्होल्ट आपोआप ओळखणारे कंट्रोलर बॅटरी बघूनच ते ठरवतात; आधी पॅनेल लावलं तर गोंधळतात, काही जळतातही. ट्रक-बसमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवरच १२ व्होल्टचा कंट्रोलर लावू नका. एक फुगते, दुसरी उपाशी राहते.

यातला सगळ्यात महागडा प्रसंग गॅरेजमध्ये घडतो. टपावर पॅनेल उन्हात तापतंय, तुम्ही चहाला गेलाय आणि मिस्त्री बॅटरीचं टर्मिनल सोडवतो. आता गाडीच्या वायरिंगवर बॅटरी नाही, फक्त पॅनेल आणि कंट्रोलर. पॅनेलचा व्होल्टेज दाबून धरणारं कोणी उरलं नाही. ईसीयूपर्यंत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत, काय पोचेल सांगता येत नाही. पॅनेलच्या वायरीत एक आयसोलेटर स्विच टाका आणि गाडी गॅरेजला देताना तो स्वतः बंद करा.

मायनस कुठे लावायचा

हल्लीच्या सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती करंट आला-गेला याचा हिशोब तो ठेवतो. सोलरचा मायनस थेट टर्मिनलच्या खांबावर कसला तर तुमचा चार्ज त्याच्या खातेवहीत येतच नाही. मग बॅटरी भरलेली असूनही गाडी ती उतरली आहे असं मानत राहते. मायनस बॉडीच्या अर्थिंग पॉइंटवर घ्या, रंग खरवडून, वायरीच्या टोकाला लग (धातूची कडी) दाबून.

प्लसवर फ्यूज हवा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर कुठे पत्र्याला घासून सोलली तर आग लावणारा करंट पॅनेलमधून येत नाही, पॅनेल जेमतेम ६ अँपिअर देतं. तो येतो बॅटरीतून, शेकड्याने. १०० वॅटला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो.

सिगरेट लायटरच्या सॉकेटातून चार्ज करायचा मोह होतो. अनेक गाड्यांत किल्ली काढली की तो सॉकेट मरतो आणि पॅनेल दिवसभर हवेला वीज देत बसतं.

कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायचा असतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. पाणी घालायच्या बॅटरीचं सेटिंग लिथियमला लावलं तर इक्वलायझेशनचे (सगळे सेल सारखे भरायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज) १५ च्या आसपासचे व्होल्ट तिच्या माथी बसतात. लिथियम घेऊन स्पितीला निघाला असाल तर आणखी एक: बॅटरी शून्य अंशाखाली असताना तिला चार्ज करायचं नाही, आतले सेल कायमचे खराब होतात. चांगल्या बॅटरीचा बीएमएस, म्हणजे तिच्या आतलं राखणदार सर्किट, स्वतःच चार्जिंग अडवतो. सकाळी नऊपर्यंत ‘चार्ज होत नाही’ असं दिसलं तर तो बिघाड नव्हे.

पॅनेलवरचे वॅट आणि मे महिना

१०० वॅट हा आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा. मे महिन्यात काळं पॅनेल सहज ६० अंशांवर जातं. तेरा-चौदा टक्के वॅट तिथेच गेले, आणि १८ व्होल्टचे साडेपंधराच्या आसपास उरले. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलचे जास्तीचे व्होल्ट कामाला न लावणारा साधा प्रकार) आणि बारीक वायर असेल तर १४.४ गाठणंही मुश्कील. पॅनेल बॉनेटवर अंथरू नका, खालून वारा खेळू द्या. काचेच्या आतून डॅशबोर्डवर ठेवणं तर विसराच. नारळाच्या एका झावळीची सावली दोन सेलवर पडली तरी अर्ध्या पॅनेलचं काम बसतं.

आता माझ्या सुरमईचा खरा हिशोब. फ्रिज ४ अँपिअर घेतो, उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ४८ अँपिअर-अवर. १०० वॅटचं पॅनेल स्वच्छ दिवशी जेमतेम २५ देतं. म्हणजे वायर बदलली तरी मासा फार तर एक दिवस जास्त टिकला असता. शेवटी दुसरं पॅनेल घ्यावंच लागलं.

इंजिन चालू करण्याआधी सोलर काढावं का, असं हमखास विचारतात. गरज नाही. डायनॅमो आणि कंट्रोलर एकमेकांशी भांडत नाहीत. व्होल्टेज पुरेसा दिसला की कंट्रोलर गप्प बसतो.

तरीही चार्ज होत नसेल तर मीटर घेऊन उन्हाच्या बाजूने बॅटरीकडे चालत या. मोकळं पॅनेल २० च्या वर दाखवतंय? मग पॅनेल ठीक. जोडल्यावर कंट्रोलरच्या बॅटरी टोकाशी आणि बॅटरीच्या खांबांवर किती फरक? ०.२ पेक्षा जास्त असेल तर वायर, लग, फ्यूजधारक किंवा टर्मिनलवरची पांढरी बुरशी. इथवर सगळं बरोबर असेल तर संध्याकाळी भरलेल्या लेड बॅटरीचे सगळे लोड सोडवा आणि सकाळी मोजा. १२.६ च्या आसपास हवेत. काही न लावता १२ च्या खाली आली असेल तर बॅटरीच संपली आहे. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या, पॅनेल वाढवून काही होणार नाही.