पहिला स्वाध्याय लिहिताना

मी वारली. जव्हार तालुक्यातल्या पाड्यावर अंगणवाडी सांभाळत चौतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. पहिला स्वाध्याय पारंपरिक शेतीवर होता. राब भाजणं, म्हणजे रोपं वाढवायची जागा पेरणीआधी भाजून घेणं, मी लहानपणापासून पाहिलेलं, तरी पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवून दिला. आपल्या घरचं ज्ञान अभ्यासात चालत नाही, असंच वाटायचं.

आता अभ्यासकेंद्रावर नव्याने येणाऱ्यांना मी आधी बोलायला लावते. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेजारणीला सांगावं तसं सांगा. शेण, फांद्या-पाला, गवत, वर माती, मग आग. तणाचं बी जळतं, राखेनं नागलीचं रोप जोमानं येतं. हे ऐकत ऐकत कागदावर उतरवा. आपल्या सांगण्यात कारण शेवटी येतं, परीक्षकाला ते आधी हवं असतं. म्हणून शेवटचं वाक्य उचलून वर ठेवा: ‘तण मरावं आणि रोपाला खत मिळावं म्हणून राब भाजतात.’

प्रश्न नीट वाचा. ‘वर्णन करा’ असेल तर एवढ्यानं भागतं. ‘चर्चा करा’ असेल तर राबासाठी झाडं छाटावी लागतात, हेही यायला हवं. इथं हात अडखळतो, आपल्याच माणसांची तक्रार केल्यासारखं वाटतं. तरी लिहा. कोणतं झाड छाटायचं, कोणतं राखायचं, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि तेही त्यात घाला.

माझ्या ‘आवणी’ शब्दाभोवती लाल गोल पडला होता. मी तो खोडून ‘लावणी’ केलं, त्याची आजही खंत वाटते. ‘आवणी, म्हणजे रोपांची लावणी’ असं एकदा लिहिलं की पुढे आपलाच शब्द वापरावा.

‘आमच्यात असं म्हणतात’ एवढ्यावर थांबू नका. पुस्तकाच्या लेखकाचं नाव देतो, तसंच सांगणाऱ्याला विचारून त्याचं नाव, पाडा आणि तारीख द्या. लग्नाच्या चौकावर, म्हणजे लग्नात भिंतीवर असतं त्या चित्रावर, लिहायचं होतं तेव्हा मी एका धवलेरीपाशी, म्हणजे आमच्यात लग्न लावणाऱ्या बाईपाशी, तीन संध्याकाळी बसले. आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. आणि लग्नाची गाणी धवलेरीच्या तोंडी असतात. काही ओळी मांडवाबाहेर नकोत, असं ती म्हणाली. त्या मी लिहिल्या नाहीत. बाकीचं तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं. तेवढं दुरुस्त केलं आणि मगच स्वाध्याय जमा केला.