खिडकीवर म्हणाले शिवण, मी लिहिलं इलेक्ट्रिशियन

"बेन, सिवणमां भरी दो ने!" आयटीआयच्या प्रवेशखिडकीवरचे भाई अगदी मायेनं म्हणाले. मी 34 वर्षांची, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली, दोन मुलांची आई. लग्नानंतर सुटलेली नोकरी चार वर्षं शोधूनही परत मिळत नव्हती. शिवण मला येतच होतं. गल्लीत त्यावर महिन्याला किती सुटतात तेही माहीत होतं. मी फॉर्मवर इलेक्ट्रिशियन लिहिलं.

शिवणाला मी नावं ठेवत नाही. वडोदऱ्यातलं महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय 1914 सालचं. त्या काळी बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे येणं हीच मोठी गोष्ट होती. पण सयाजीरावांचं तंत्रशिक्षण देणारं कलाभवन त्याच्याही आधीचं, 1890 चं. यंत्रं शिकवणाऱ्या या गावात बाईसाठी अजून पहिला शब्द शिवणाचाच निघतो, एवढंच माझं म्हणणं.

आता कामाचं. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, दहावीला गणित-विज्ञान हवं. तुकडी 20 जणांची. आयटीआयमध्ये बायकांसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत, पण अर्ज आले नाहीत तर त्या इतरांकडे जातात. आमच्या तुकडीत आम्ही दोघीच होतो. फक्त महिलांसाठी असलेली राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थाही वडोदऱ्यात आहे. तिथले ट्रेड बघून मगच पसंतीक्रम भरा.

जागा मिळणं सोपं, टिकणं अवघड. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. धाकट्याला कांजिण्या झाल्या तेव्हा मी बोटांवर दिवस मोजत होते. घरी आधीच सांगून ठेवा, आजारी मुलाजवळ आळीपाळीनं बसायचं. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग घरातला पंखा मी उघडून दुरुस्त केला, तेव्हापासून शेजारीपाजारी त्याच माझी जाहिरात करतात.

बायकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली शिपायाकडे. आम्ही दोघी पहिले तीन महिने पाणीच कमी प्यायचो. मूर्खपणा! शेवटी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या आठवड्यात कुलूप निघालं. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, अर्जावर आवक क्रमांक पडला की राहतं. प्रवेशाआधी संस्था बघायला जाल तेव्हा वर्कशॉपच्या आधी संडास बघा. तक्रार समितीची नावं फलकावर आहेत का तेही बघा. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस बायकांनाही लागू आहे.

अप्रेंटिसशिप मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात केली. स्टायपेंड मुलांइतकाच. काम मात्र नाही: ते पॅनलवर आणि मी स्टोअरच्या वहीवर. पंधरा दिवस वाट पाहिली, मग सुपरवायझर साहेबांना विचारलं, "माझ्या लॉगबुकात वायरिंग कोण लिहिणार?" ते हसले, पण दुसऱ्या दिवशी मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर माझ्यापुढे ठेवला. पहिल्यांदा जोडणी चुकली. ती चूक शोधताना जेवढं शिकले, तेवढं वर्षभराच्या थिअरीत शिकले नव्हते.

आणि हो, बूट. संस्थेत आलेले सेफ्टी बूट सहा नंबरपासून पुढचे होते. माझा पाय चारचा. दुकानदाराला मागवायला दहा-बारा दिवस लागले आणि तोवर मला मोटरजवळ उभं राहू दिलं नाही. प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी बुटाचा नंबर सांगून ठेवा.