फिजिओच्या थिसिसमध्ये एआय हवंय? मग आधी ओपीडीचं रजिस्टर उघडा

हल्ली एमपीटीएचचं (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सचं) सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, लिहायला बसलं की टायटलमध्ये एआय पाहिजेच असतं. घ्या की, पण सुरुवात सॉफ्टवेअरपासून नको. आधी छोटासा प्रश्न पकडा, समजा गुडघा बदललेल्या पेशंटपैकी कुणाचा गुडघा ६ आठवड्यांनीसुद्धा ९० अंश वाकणार नाही, हे डिस्चार्जच्या दिवशीच्या नोंदींवरून सांगता येईल का.

मग एथिक्स कमिटी. जुने केसपेपर आहेत, पेशंटला कोण विचारतंय, असं म्हणून डेटा उचलायचा नाही. नाव, पत्ता, मोबाईल काढलेला जुना डेटा असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाईडलाईन्सप्रमाणे कमिटी संमतीची अट माफ करू शकते, पण ते कमिटीने ठरवायचं, आपण नाही. एआयसाठी आयसीएमआरच्या २०२३ च्या वेगळ्या गाईडलाईन्स आहेत, त्याही वाचा. आणि पेशंटची शीट चॅटजीपीटीत पेस्ट करू नका, प्लीज.

आता खरं काम, म्हणजे डेटा साफ करणं. वेळ सगळा इथेच जातो! एका इंटर्नने गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) ८५ मोजलेलं असतं, दुसऱ्याने नजरेनेच ९० लिहिलेलं असतं, तिसऱ्याने नुसतं 'आरओएम गुड' (सांध्याची हालचाल, म्हणजे रेंज, चांगली) खरडलेलं. हा 'गुड' आकड्यात बदलायच्या भानगडीत पडू नका, रिकामाच ठेवा आणि रिकामं का आहे ते शेजारी लिहा. सगळ्यात फसवे म्हणजे फॉलोअपला न आलेले पेशंट, कारण त्यात गुडघा छान झाला म्हणून न आलेलेही असतात आणि गावाहून यायला एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून न आलेलेही, आणि मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमला, फक्त आलेलेच दिसतात. त्यामुळे न आलेल्यांचं वय, गाव, डिस्चार्जची रेंज वेगळी काढून आलेल्यांशी ताडून बघा.

ट्रेन (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (त्याला तपासायचा डेटा) वेगळे करताना पेशंटप्रमाणे करा, व्हिजिटप्रमाणे नाही. एकाच बाईचा डावा गुडघा ट्रेनमध्ये आणि उजवा टेस्टमध्ये गेला तर मॉडेल तिला आधीच ओळखतं, रिझल्ट झकास येतो आणि सगळा खोटा असतो.

मॉडेल म्हणून आधी साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो की नाही याची शक्यता काढणारी संख्याशास्त्रातली पद्धत. दीडशे पेशंटवर डीप लर्निंग चालवणं म्हणजे हौस. अ‍ॅक्युरसीवरही भाळू नका, १०० पैकी १० गुडघे आखडणार असतील तर सगळ्यांना 'ठीक' म्हणणारं मॉडेलसुद्धा ९० टक्के बरोबर ठरतं आणि नेमके ते १० सोडून देतं, म्हणून सेन्सिटिव्हिटी (खरंच आखडणाऱ्यांपैकी किती पकडले ते) बघा. लिहिताना ट्रायपॉड प्लस एआयची (अंदाज बांधणाऱ्या मॉडेलचा अभ्यास कसा मांडायचा याच्या गाईडलाईनची) २०२४ ची २७ मुद्द्यांची चेकलिस्ट समोर ठेवा.

शेवटी मॉडेलने चुकवलेल्या पेशंटच्या मूळ फायली काढून वाचा. ऑपरेशनआधीच गुडघा किती आखडलेला होता, घरी व्यायाम करून घ्यायला कुणी होतं का, असलं काहीतरी त्यात सापडतं, ज्याचा कॉलमच आपण केलेला नसतो.