सुट्टीतला फुकट दिवस: आधी वेळ ठरवा, मग जागा

परीक्षा संपून आठवडा झाला की घरात "आज कुठे जायचं?" सुरू होतं. मुंबईत चार माणसांनी बाहेर पडायचं म्हटलं तर तिकीट, खाणं, पुन्हा तिकीट असं करत पाकीट कधी रिकामं होतं ते कळत नाही. म्हणून गेली काही वर्षं आमच्या घरी सुट्टीत आठवड्यातून एक दिवस "फुकट दिवस" असतो. लोकलचं तिकीट सोडलं तर त्या दिवशी कुठेही प्रवेशाचे पैसे मोजायचे नाहीत. लोकललाही पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, आणि पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धंच लागतं.

फुकट जागा या शहरात भरपूर आहेत. फसतं ते वेळेचं गणित. मे महिन्यात दुपारी बारा वाजता चौपाटीवर नेलेलं मूल अर्ध्या तासात रडवेलं होतं, आणि मग गार काहीतरी हवं म्हणून खर्च सुरू होतो. त्यामुळे जागा शेवटी ठरवा. आधी ऊन किती वाजता कुठे असेल आणि समुद्र किती वाजता कुठे असेल, ते बघा.

पहिलं काम: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात तिथी छापलेली असते. मुंबईत, आणि कोकण किनाऱ्यावर कुठेही, सुट्टीतल्या सहलीसाठी तीच सगळ्यात उपयोगाची माहिती आहे.

हे मी चुकून शिकले. एकदा पौर्णिमेला सकाळी अकराच्या पुढे मुलांना घेऊन हाजीअलीला पोचले आणि बघते तर दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवरून लाटा चाललेल्या. थोरला हिरमुसला, धाकटीने तिथेच भोकाड पसरलं. जवळ मासळीची पाटी घेऊन बसलेल्या कोळीण मावशी म्हणाल्या, "आज पुनव ना गो बाय, पाणी भरायचंच. तिथीची पाऊणपट कर, भरती कळते." घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्यांना शाळेतली पाऊणकी अजून तोंडपाठ होती: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. तेव्हापासून आमच्या घरी भरतीचं वेळापत्रक सासूबाईंकडे आहे.

रीत अशी. शुक्ल असो की कृष्ण, पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास पुढे सरकते, म्हणून घड्याळाला चिकटून बसू नका आणि निघायच्या आधी त्या दिवसाचा भरतीचा तक्ता एकदा पडताळून बघा. पण आठवडाभर आधी दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. मुलांकडूनच करून घ्या. पाऊणकी हा पाढा असतो हेच त्यांना नवीन असतं.

आता यातून दिवस निवडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा ओहोटीही तेवढीच खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी फारसं चढतही नाही आणि फारसं उतरतही नाही, त्यामुळे खडक उघडे पडत नाहीत. तो दिवस समुद्रासाठी वाया. माझ्या मते सगळ्यात चांगल्या तिथी द्वितीया आणि तृतीया. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-आठला. उजेड असतो, ऊन चढलेलं नसतं, आणि उन्हाळ्यात सकाळची ओहोटी संध्याकाळच्या ओहोटीपेक्षा जास्त खोल जाते.

ओहोटीची सकाळ

आम्ही बहुतेक वेळा वांद्र्याच्या कार्टर रोडला जातो. पूर्ण ओहोटीच्या एक तास आधी पोचा, म्हणजे पाणी मागे हटताना बरोबर चालता येतं. पाणी पुन्हा चढायला लागलं की निघायचं, हा नियम घरातून निघतानाच सांगून ठेवा. तिथे गेल्यावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

पायात घट्ट बसणारे जुने बूट घाला. स्लिपर चालत नाहीत, कारण खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. हिरव्या, चकाकणाऱ्या खडकावर पाय ठेवायचा नाही, खडबडीत खडकावर ठेवायचा. समुद्राकडे पाठ करायची नाही. टोपी, पाण्याची बाटली, एक टॉवेल, बस्स. जाळी आणि बादली नेऊ नका.

मग शोधायचं काय? खडकांच्या खळग्यांमध्ये पाणी साचून राहिलेलं असतं. एका खळग्यापाशी उकिडवे बसा आणि पाच मिनिटं हलू नका. पहिले दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मुलं कंटाळतात. तिसऱ्या मिनिटाला एक छोटा शंख चालायला लागतो. शंख कधी इतका भरभर चालत नाही, म्हणून नीट बघितलं तर खालून बारीक पाय दिसतात: कुणा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा. गेल्या वर्षी धाकटीने असा एक बघितला, त्याच्यावर तिची सावली पडली आणि तो टचकन आत गेला. मग ती स्वतःची सावली बाजूला धरून बसून राहिली, तो पुन्हा बाहेर येईपर्यंत. एरवी घरात दोन मिनिटं एका जागी न बसणारी मुलगी!

खळग्याच्या तळाशी फुलासारखं पसरलेलं समुद्रफूल दिसेल. तो प्राणी आहे हे मुलांना खरं वाटत नाही. पाण्याबाहेर राहिलेला त्याचाच भाऊबंद शेजारी गोळा होऊन बसलेला असतो, जेलीच्या थेंबासारखा. दगडांना चिकटलेली कालवं, कपारीत शिरणाऱ्या चिंबोऱ्या, आणि चिखलाकडच्या बाजूला उड्या मारत जाणाऱ्या निवट्या. बोट लावायचं नाही, आणि दगड उलटलाच तर होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी घर असतं. शंख रिकामा असला तरी घरी आणायचा नाही. तो खेकडा आठवा, त्याला पुढे मोठं घर लागणार आहे.

हे सगळं मेच्या मध्यापर्यंतच. महिनाअखेरीस पावसाआधीचा समुद्र खवळायला लागतो, तेव्हा मुलांना खडकांवर नेऊ नका.

उन्हाचा दिवस: सावलीतून सावलीत

भरतीची वेळ जुळत नसेल त्या आठवड्यात फोर्ट. सकाळी आठपर्यंत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा आणि बाहेर येऊन महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने स्टेशनकडे तोंड करून उभे राहा. रोज या स्टेशनातून जाणाऱ्या मोठ्या माणसांनीही ते कधी नीट बघितलेलं नसतं. 1878 ते 1888 या दहा वर्षांत ते बांधलं गेलं, 2004 साली जागतिक वारसा यादीत गेलं, आणि त्यावरचं कोरीवकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. मुलांना हे शेवटचं आवर्जून सांगा, विद्यार्थ्यांनी केलं म्हटल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात.

प्रत्येकाला एक कागद द्या आणि शोधायला लावा. फाटकाच्या खांबांवर बसलेले दोन प्राणी कोणते? (एक सिंह, एक वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा.) मोर कुठे आहे? घुमटावर उभ्या बाईच्या एका हातात मशाल आहे, दुसऱ्या हातात काय? (चाक. ती प्रगतीची मूर्ती.) मग पाठीमागच्या महापालिकेच्या इमारतीकडे वळा आणि विचारा, या दोन इमारती एकाच माणसाने आखल्या असतील का? दोन्ही फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आहेत. घुमट बघून मुलं बरोबर ओळखतात.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत निघा. या रस्त्याच्या इमारतींखाली कमानींचे लांब व्हरांडे आहेत, त्यामुळे उन्हात न येता बरंच अंतर कापता येतं. हुतात्मा चौकात थांबा. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं स्मारक आहे ते. मुलांना तिथे उभं राहून, त्यांच्या वयाला झेपेल तसं सांगा. मग हॉर्निमन सर्कलच्या बागेत झाडाखाली बसून डबा खा, समोर एशियाटिकच्या पांढऱ्या पायऱ्या आहेत, त्या मोजायला लावा.

अकरा वाजले की ऊन असह्य होतं, आणि नेमकी तेव्हाच जहांगीर कलादालन उघडतं. प्रवेश मोफत. आत गारवा असतो. चित्रकार बहुतेक वेळा स्वतः तिथे बसलेले असतात, आणि मुलांच्या प्रश्नांना मोठ्यांच्या प्रश्नांपेक्षा जास्त मनापासून उत्तरं देतात, असा माझा अनुभव आहे. "हे इथे निळंच का?" असं धाकटीने एकांना विचारलं होतं, त्यांनी दहा मिनिटं तिच्याशी रंगांवर गप्पा मारल्या. बाहेर आल्यावर काळा घोडा दाखवा. घोडा आहे, पण स्वार नाही. जुन्या पुतळ्यावर राजा सातवा एडवर्ड बसला होता, तो 1965 साली इथून हलवला आणि आता राणीच्या बागेतल्या संग्रहालयाच्या आवारात आहे. आजचा घोडा 2017 सालचा, मोकळा.

पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांना एवढ्या लांब यायचं नसेल तर दुपारच्या उन्हात बोरिवलीची मंडपेश्वर लेणी गाठा. तिकीट नाही आणि दगडाच्या पोटात गारवा. सहाव्या शतकाच्या आसपासची शैव लेणी आहेत, नटराजाचं शिल्प आहे, आणि पुढे पोर्तुगीजांनी इथे चर्च उभारलं तेव्हाचा क्रूस एका भिंतीवर अजून कोरलेला दिसतो. तो मुलांनाच शोधू दे. रोजची पूजाही होते, त्यामुळे हळू बोलायचं.

संध्याकाळसाठी वांद्र्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी 1640 साली बांधलेला. सहाला पोचा, सात वाजता सूर्य समुद्रात बुडतो आणि सागरी सेतूवर दिवे लागतात.

डब्याबद्दल, कारण खर्च तिथेच होतो

पोट भरून निघा. डब्यात दही नको, खराब होतं. दशम्या, चटणी, काकडी, गूळ-शेंगदाणे टिकतात. पाणी माणशी दीड लिटर. आणि एक विकतची गोष्ट आधीच ठरवून टाका: परत येताना एक बर्फाचा गोळा, एकच. "नाही" ऐकलेलं मूल दिवसभर मागत राहतं, "संध्याकाळी" ऐकलेलं मूल थांबतं.

आणि घराच्या गच्चीवरचा एक दिवस

हा दिवस वर्षातून दोनदाच येतो आणि त्यातला पहिला सुट्टीत पडतो. मुंबईत 15 मेच्या सुमारास दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापूरला हा दिवस 6-7 मेच्या सुमारास, पुण्यात 13-14 ला, नाशिकला 19-20 ला, नागपूरला 25-26 ला, म्हणजे जसजसं उत्तरेला जावं तसा पुढे. वेळही गावागणिक थोडी बदलते. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा पंचवीस मिनिटं आधी माथ्यावर येतो.

सव्वाबाराला गच्चीवर एक मोठा कागद सपाट पसरा आणि त्यावर सरळ कडांचा स्टीलचा पेला ठेवा. दर पाच मिनिटांनी सावलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारायला लावा आणि मधल्या वेळात जिन्याच्या सावलीत बसा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सगळं कागदावरच दिसतं. रेघा पेल्याच्या जवळ जवळ सरकत येतात. थोरल्याने शेवटची रेघ मारायला पेन्सिल टेकवली तेव्हा रेघ मारायला जागाच उरली नव्हती, सावली पेल्याच्या बुडाखाली गेली होती. मिनिटभराने ती दुसऱ्या बाजूने, पूर्वेकडून, बाहेर पडायला लागली. हुकलं तर पुढची संधी जुलैच्या शेवटी येते, पण तेव्हा मुंबईवर ढग असतात, म्हणून मेमधलाच दिवस कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा.